सहावं बोट बांधणारी धुरपता

नुकतं जन्मलेलं मूल हातात आलं की धुरपता आधी त्याची बोटं मोजायची. मुलगा की मुलगी हे ती मागाहून पाहायची. ओसरीवर ताटकळलेले बाप्ये विचारायचे, "काय झालं वो बाई?" आणि आतून तिचा आवाज यायचा, "थांबा ना जरा, ते कुठी पळून चाललं का?" चांदा जिल्ह्यातल्या आमतळा गावात चाळीस वर्षं सुईण म्हणून तिचा हाच शिरस्ता होता. साठी उलटली, कंबर वाकली, पण हात पक्के होते आणि जिभेची धार तर वयाबरोबर वाढतच गेली होती.

बोटं मोजण्यामागे कारण होतं. आमतळ्याच्या मोठ्या तळ्याकाठी ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, साठेक घरं. त्यातल्या काही घरांत अधूनमधून एखादं मूल करंगळीच्या बाहेरच्या अंगाला एक जादा बोट घेऊन यायचं. बोट कसलं, भिजलेल्या वाटाण्याएवढा मांसाचा लोंबता मणी, आत हाड नाही. धुरपता त्या घरच्याच नव्या जाळ्यातून तागाचा एक बारीक धागा ओढायची, हळदीच्या तेलात भिजवायची आणि जाळं विणताना मारतात तीच गाठ त्या मण्याच्या देठाशी मारायची. आठवडाभरात मणी वाळून गळून पडे. खाली ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा उरे, तो कोणाच्या नजरेत भरत नसे. गाठ मारायची ती सटवाई कपाळावर लिहायला येण्याआधी, म्हणजे तिनं पाचच बोटं धरून लिहावं, असा धुरपताच्या सासूचा दंडक होता. सासूही सुईणच होती.

आणि हे कोणाला सांगायचं नाही. नाळेवर हात ठेवून सुईण शपथ घ्यायची, की या खोलीतलं बाहेर नेलं तर माझे हात झडोत.

एवढी लपवाछपवी कशासाठी? तर मुलाचं हाड बापाकडून येतं, आईकडून येतं ते फक्त दूध, असं आमतळ्यात लहानथोर सगळे मानत. हाताला एक बोट जास्त म्हणजे हाड जास्त. बापाच्या हाताला ते नसेल तर मग आलं कुठून? आणि गावात उघड उघड सहा बोटांचा पुरुष एकच, लच्छू. त्याचं बोट हाडाचं, नखाचं, त्याला धागा बांधून उपयोगच नव्हता. लच्छू बिचारा इतका लाजाळू, की सख्ख्या भावजयीशी बोलतानाही तळ्याकडे पाहायचा. पण गावातल्या प्रत्येक बाळंतिणीला त्याच्या हाताचा धाक होता.

१९५८ सालच्या होळीनंतर, तळ्याचं पाणी उतरलेलं असताना, इस्तारीची बायको मैना बाळंत झाली. एकोणीस वर्षांची पोर, पहिलीच खेप. दीड दिवस कळा सोसून तिनं मुलीला जन्म दिला. धुरपतानं बोटं मोजली. डाव्या हाताला नेहमीचा मणी होता. उजव्या हाताला मात्र सहावं बोट पुरतं होतं, नखासकट, आणि बाळानं मूठ आवळली तेव्हा तेही आवळलं. धुरपतानं चिमटीत धरून पाहिलं. आत हाड होतं. हाडाला धागा बसत नाही.

तिनं मान वर केली. समोर इस्तारीची आई गुणाबाई गरम पाण्याचा गंज धरून उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"घाबरू नको गुणा," धुरपता हळूच म्हणाली. "तुले तं मालूम हाय."

गुणाबाईला खरंच मालूम होतं. चोवीस वर्षांपूर्वी याच खोलीत इस्तारी जन्मला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांना मणी होते आणि धुरपतानंच ते बांधले होते. ही गोष्ट जगात या दोघींनाच ठाऊक होती, खुद्द इस्तारीलाही नाही. त्यामुळे धुरपताला वाटलं, गुणा आता नातीला उराशी धरणार. पण गुणाबाईनं गंज खाली ठेवला, ओसरीवर गेली आणि शेजारपाजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही पोरगी आमच्या घरची नाई!"

धुरपताच्या अंगाचा तिळपापड झाला. पण हातात बाळ होतं आणि समोर बाळंतीण. तिनं आधी काम पुरं केलं. मैना रडतसुद्धा नव्हती, छताकडे पाहत एवढंच म्हणत होती, "माय, मी काईच केलं नाई."

"मले काऊन सांगून राह्यली? मले मालूम हाय," धुरपता म्हणाली.

मालूम असून उपयोग काय? दोन दिवसांत गावभर झालं. जातीचे पंच बसले आणि त्यांचा म्होरक्या बापूजी यानं सांगितलं, की येत्या सोमवारी तळ्यातली सामायिक मासळी काढून झाली की पाळीवरच, म्हणजे तळ्याच्या बांधावरच, निवाडा होईल. निवाडा काय व्हायचा ते सगळ्यांना ठाऊक होतं. मैनेला पोरीसकट घालवून द्यायचं, इस्तारीचं दुसरं लग्न लावायचं, आणि लच्छूला तळ्यात जाळं टाकायची बंदी. मैनेचे आईबाप केव्हाच वारले होते. माहेरी भाऊ होता, पण सहा बोटांची पोर घेऊन आलेल्या नणंदेला भावजयीनं दारातही उभं केलं नसतं. इस्तारी या सगळ्यात काय करत होता? न फाटलेलं जाळं सांधत बसला होता.

धुरपता गुणाबाईकडे गेली आणि तिनं सरळच विषय काढला. "पंचाईले सांगून टाक, इस्तारीले बी होतं म्हणून."

"सांगू?" गुणाबाई उसळली. "आन् मंग ते विचारतीन, इस्तारीच्या बापाले होतं का? नोतं! मंग समदं माह्यावर येईन. तवा बी गावात लच्छू होताच ना माय. मेलेल्या नवऱ्याले साक्षीले बोलावू का मी?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू नाळेवर हात ठेवला होता. इसरू नको."

गुणाबाईनं काही केलेलं नव्हतं याची धुरपताला खात्री होती. पण मग इस्तारीला ते बोट आलं कुठून, हे कोडं तिलाही चोवीस वर्षांत सुटलेलं नव्हतं. आणि ते सुटल्याशिवाय तोंड उघडलं असतं तर एकीला वाचवता वाचवता दुसरी बुडाली असती. अशा वेळी दुसरी कोणी कपाळाला हात लावून बसली असती. धुरपता म्हणाली, ज्याला ठाऊक असेल त्याला विचारू.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात इंदुताई नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. दोन वर्षांमागे सरकारनं खेड्यापाड्यातल्या सुईणींना शिकवायला बोलावलं, तेव्हा कात्री उकळून घेण्यावरून धुरपताचं त्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं. पुढे धुरपता कात्री उकळायला लागली, पण आपण हरलो असं तिनं कधी कबूल केलं नाही. तरी एक गोष्ट तिनं मनाशी नोंदवली होती. या बाईंना माहीत नसलं तर त्या माहीत नाही म्हणतात.

शनिवारी उजाडताच भाकर फडक्यात बांधून ती निघाली. सात कोसांची जंगलवाट, मोहाची फुलं पडायला लागलेली. फुलं वेचणाऱ्या बायांनी विचारलं, "कुठी चालली वो माय एवढ्या घाईनं?"

"शाळेत," धुरपता म्हणाली आणि थांबली नाही.

इंदुताई रोगी आटोपून दवाखान्यामागच्या चिंचेखाली बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. खाली पडलेले चिंचोके गोळा केले आणि म्हणाल्या, "ज्याला बोट होतं त्याचा चिंचोका ठेवा, नव्हतं त्याचा खडा. नाव सांगू नका."

लच्छूचं लपलेलं नव्हतं, म्हणून धुरपतानं तिथूनच सुरुवात केली. लच्छूचा चिंचोका. त्याला दोन मुलगे, दोन मुली. एका मुलाचं आणि एका मुलीचं तिनं बांधलं होतं. त्या मुलीला तीन पोरं, त्यातल्या एका मुलाचं बांधलं. मग नाव न घेता दुसरं एक घर, मग तिसरं. चाळीस वर्षांतलं एकही बोट ती विसरली नव्हती. जमिनीवर चिंचोक्यांच्या फांद्या फुटत गेल्या.

"बापाचं मुलाला गेलं," इंदुताई बोट ठेवत म्हणाल्या. "बापाचं मुलीला गेलं. आणि हे बघा, आईचं मुलालाही गेलं."

"गेलं खरं," धुरपता म्हणाली. इतकी वर्षं बांधून तिनं ते असं एकत्र कधी पाहिलं नव्हतं.

मग इंदुताईंनी सांगितलं ते असं. आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं आणि प्रत्येक पेशीत धाग्यासारखी गुणसूत्रं असतात, जोडीजोडीनं. तेवीस जोड्या, म्हणजे एकूण शेहेचाळीस. "माझ्या कॉलेजच्या पुस्तकात अठ्ठेचाळीस छापलं होतं. दोन वर्षांपूर्वी परदेशात कोणी नीट मोजली तेव्हा शेहेचाळीसच भरली."

"म्हणजे एवढे मोठे डाक्टर बी मोजण्यात चुकले?"

"तीस वर्षांहून जास्त चुकत होते."

धुरपताला हे भारीच आवडलं. शिकलेले लोक तीस वर्षं चुकू शकतात, मग आमतळ्याच्या पंचांची काय कथा!

"यातली एक जोडी मुलगा की मुलगी ते ठरवते," इंदुताई पुढे म्हणाल्या. "उरलेल्या बावीस जोड्या बाईत आणि पुरुषात सारख्याच असतात. त्यांना ऑटोसोम म्हणतात. प्रत्येक जोडीतला एक धागा आईचा, एक बापाचा. तुमचं हे बोट त्या बावीस जोड्यांपैकीच कुठल्यातरी धाग्यात आहे. मुलगा-मुलगी ठरवणाऱ्या जोडीत असतं, तर बापाचं असं मुलालाही आणि मुलीलाही गेलं नसतं. जोडीतल्या एका धाग्यात असलं तरी बोट येतं. ज्याच्याकडे तो धागा आहे, तो आपल्या मुलाला जोडीतला एकच देतो. बोटाचा दिला तर बोट येतं, दुसरा दिला तर नाही. म्हणून साधारण निम्म्यांना येतं. कोणाला मणी, कोणाला हाडाचं, पण धागा तोच."

"मंग हाड बापाचं असते, हे खोटं?"

"अर्धं खोटं. अर्धं हाड आईचं."

धुरपतानं एक चिंचोका उचलून बाजूला ठेवला. मग जपून म्हणाली, "समजा बाई, एक माणूस हाय. त्याचं मी बांधलं. त्याच्या बापाले नोतं. बापाचे हात मी सोता पाह्यले, दाणा बी नोता."

"मग बहुतेक आईला असणार. क्वचित धागा असूनही बोट येत नाही, पण आधी आईचे हात पाहा. तिचंही कोणी बांधलं असेल."

"आई दुसऱ्या गावची, तिच्या जन्माले मी..." एवढं म्हणून धुरपता थांबली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. "चाळीस वर्सं बाळंतिणी पाह्यल्या बाई, पण दुसऱ्याच टोकाले पाहून राह्यली! त्यायचे हात कवा पाह्यलेच नाई!"

इंदुताई तेव्हा पहिल्यांदा हसल्या, आणि अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

रविवारी दुपारी धुरपता आमतळ्यात परतली ती घरी न जाता थेट तळ्यावर. गुणाबाई काठाशी राखेनं भांडी घासत होती. धुरपतानं तिचा राखेचा हात धरून पाण्यात बुचकळला आणि उलटा केला. करंगळीच्या कडेला, गोंदणाच्या हिरव्या ठिपक्याखाली, ज्वारीचा दाणा होता.

"हे काय?"

"गोंदणारीची सुई लागली होती लहानपणी," गुणाबाई गोंधळून म्हणाली. "आई सांगे."

धुरपतानं दुसरा हात ओढला. तिथंही दाणा, त्याच जागी. "आन् इथी? दोनी हातांले नेमकी एकाच जागी लागली? लय नेमबाज होती बाप्पा तुही गोंदणारी!"

गुणाबाईनं आपले दोन्ही हात शेजारी धरून पाहिले. धुरपतानं तिला सगळं सांगितलं, बावीस जोड्या, आईचा धागा, बापाचा धागा, जसं समजलं होतं तसं. शेवटी विचारलं, "लच्छूची माय कुठची होती?"

"देऊळघाटची," गुणाबाई पुटपुटली. "माह्याच माहेरची."

"मंग तुमचा धागा एकाच घरातून निघाला असन, कोण जाणे किती पिढ्याआधी. लच्छूचं त्याच्या मायकडून आलं. इस्तारीचं तुह्याकडून."

गुणाबाईला रडू फुटलं ते आवरेचना. "मले मालूम होतं मी काई केलं नाई," ती म्हणाली. "तरी ते बोट पाह्यलं आन् वाटलं, देवानं माह्यावर आळ काऊन घेतला? चोवीस वर्सं झाली माय. नवरा मरेपर्यंत त्याच्या डोळ्याले डोळा भिडवला नाई मी. लच्छू वाटेत दिसला तं आडवाटेनं गेली. आपल्याच घरात चोरावानी राह्यली. आन् ते माह्याच हातावर होतं?"

धुरपतालाही भरून आलं. इतक्या वर्षांत या बाईच्या मनात काय चाललं असेल याचा तिनं कधी विचार केला नव्हता. धागा बांधला, गाठ मारली, आपलं काम झालं असं ती समजत होती. पण डोळे पुसून झाल्यावर ती मुद्द्यावर आली. "उद्या पंचात सांगशीन?"

गुणाबाईनं मान हलवली. "कशी सांगू? लोक म्हणतीन, इतकी वर्सं लपवलं काऊन."

"तं मंग मी सांगतो."

"तुही शपथ हाय! हात झडतीन तुहे!"

"झडले तं झडू दे," धुरपता उठत म्हणाली. "साठ वर्सं वापरले, पुष्कळ झाले. सकाळपर्यंत इचार कर."

सोमवारी सकाळी जाळी ओढून झाली, मासळीचे वाटे पडले आणि पंच पाळीवर बसले. मैना बाळ मांडीवर घेऊन एका कडेला होती. दुसऱ्या कडेला लच्छू, अर्थातच तळ्याकडे तोंड करून. बापूजीनं खाकरून विचारलं, "कोणाले काई बोलाचं हाय?"

"मले," धुरपता उभी राहिली.

"बाई, पंचात बायका बोलत नाई."

"बापूजी, तू जन्मला तवा पायाळू होता. समदे म्हणे, राहू दे, हे नाई जगत. मी तवा बी कोणाचं आयकलं नाई, म्हणून तू आज इथी बसून बोलून राह्यला," धुरपता म्हणाली. बायकांत खसखस पिकली, बापूजीनं मिशी चाचपली. आता शपथ मोडायची होती. धुरपतानं आपले हात एकदा पाहून घेतले.

"थांब माय." मागून आवाज आला. गुणाबाई बायकांतून वाट काढत पुढे आली. ती थेट पंचांसमोर आली, मैनेच्या मांडीवरच्या बाळाचा हात तिनं उचलला आणि शेजारी आपला हात धरला. "हे पाहा. माह्या हाताले बी होतं. बांधलं होतं. ह्या दोनी हातांले. इस्ताऱ्या, इकडं ये, हात दाखव." इस्तारी येऊन उभा राहिला. आईनं त्याचे हात उलटे करून पंचांना ते दाणे दाखवले, जे त्यानंही आजवर नीट पाहिले नव्हते. "माह्याकडून ह्याले आलं, ह्याच्याकडून पोरीले. लच्छूभाऊचा काई संबंध नाई."

"आईकडून हाड कसं येईन?" एक म्हातारा पंच म्हणाला.

"येते," गुणाबाई म्हणाली. "डोळे हायेत तं पाहा."

दोन पंचांनी नकळत आपापल्या करंगळीकडे पाहिलं आणि हात चटकन धोतराच्या घडीत घेतले. धुरपतानं ते पाहिलं, पण ती चकार शब्द बोलली नाही. त्यांच्या आयांना तिनं आणि तिच्या सासूनं शब्द दिला होता.

"तवाच काऊन सांगितलं नाई?" बापूजीनं विचारलं.

"तवा सांगितलं असतं तं तुमी मले घालवून दिलं असतं," गुणाबाई म्हणाली, "जसं आज हिले घालवून राह्यले." पंचांनी माना जवळ घेतल्या, थोडी कुजबुज केली, आणि बापूजीनं जाहीर केलं, की पोरगी इस्तारीचीच आहे आणि लच्छूचं जाळं तळ्यात पडेल. लच्छूनं आयुष्यात पहिल्यांदा लोकांकडे तोंड वळवलं.

मैना मात्र जागची उठली नाही. "मी कशी येऊ?" ती इस्तारीकडे बोट दाखवून म्हणाली. "पाच दिवस झाले, यायच्या तोंडून एक शबद निंघाला नाई." इस्तारी खाली मान घालून उभा राहिला. तो चुकला होता आणि त्याला ते कळत होतं.

गुणाबाई सुनेसमोर मातीत बसली. "तो भेकड हाय, माह्यावरच गेला," ती म्हणाली. "तुले नाई वो पोरी, मी सोतालेच हाकलून राह्यली होती. चल घरी." मैनेचा बांध तेव्हा फुटला. पाच दिवसांचं सगळं रडणं ती सासूच्या खांद्यावर रडली, आणि मग तिनं बाळ इस्तारीच्या हातात दिलं.

ऊन चढलं होतं. इस्तारीनं फडक्याचा पदर ओढून बाळाचा उजवा हात झाकायला घेतला. गुणाबाईनं फडकं बाजूला केलं.

"उघडा राहू दे," ती म्हणाली. "माहा हात हाय तो."